टेस्टिंगची जर्मन रेकॉर्ड

मागच्या महिन्यात गावी, गोरेगावला गेले, तेव्हा दस्तगीर चाचांचे भोंगे अंगणात पालथे पडले होते. सहा भोंगे, दोन अँप्लिफायर, गुंडाळलेल्या वायरींचं एक पोतं आणि मंडपाचे काही नळ. दुकानाचा गाळा आता एका मोबाईलवाल्याला दिलाय. त्याला जागा मोकळी हवी होती, म्हणून खातून चाचीनं सगळं बाहेर काढून ठेवलं होतं. दुपारून भंगारवाला येणार होता. मला पाहून ती म्हणाली, "आलीस का बेटा? बस. च्या टाकते." आणि गुडघ्यावर हात ठेवून आत गेली.

मी ओट्यावर बसले. उन्हानं तापलेल्या पत्र्याचा वास येत होता. गंज, जुना ऑइलपेंट आणि जनरेटरच्या रॉकेलचा एकत्र वास. हा वास माझ्या ओळखीचा आहे. माझ्या शाळेच्या दप्तरालाही तोच यायचा, कारण आमचं घर आणि चाचांचं दुकान यांच्यात एकच भिंत होती आणि शाळा सुटली की मी आधी घरी जायच्या ऐवजी दुकानात जायची. आई ओरडायची, "तुझं मायबाप कोण हायेत, ते एकदा ठरव!" मी ठरवलं नाही. दोन्हीकडं जेवायची.

तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. हिंगोलीला जायचं म्हणजे जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून आधी सेनगाव गाठायचं. लाऊडस्पीकर लावणारे त्या भागात आणखीही होते, पण पार शिरड शहापूरपर्यंतची लग्नं चाचांकडं यायची. बाकीच्यांनी टेप घेतले होते, कॅसेटी घेतल्या होत्या. चाचांनीही घेतल्या. पण रेकॉर्डचं मशीन त्यांनी काढलं नाही. ते मशीन एका कामासाठी राहिलं होतं आणि ते काम म्हणजे टेस्टिंग.

हे टेस्टिंग काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. गावात भोंगा चौकातल्या लिंबाला बांधला की त्याचा आवाज सगळ्या गल्ल्यांत जायचा. बौद्धवाड्यात, मोहल्ल्यात, वरच्या आळीत, सगळीकडं. मग पहिलं गाणं कुणाचं लागलं, याला फार महत्त्व. एखाद्या वर्षी कुणाच्या तरी कार्यक्रमात भलतंच गाणं आधी वाजलं आणि चार दिवस लोक एकमेकांशी बोलले नाहीत, असंही झालं होतं. चाचांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला होता. लग्न असो, जयंती असो, उरूस असो, भोंगा सुरू झाला की पहिली रेकॉर्ड एकच. तिच्यात गाणं नव्हतं. शब्दच नव्हते. फक्त मशीनचे आवाज होते. आधी बराच वेळ काहीतरी थेंब थेंब पडल्यासारखं, मग खालून येणारी एक जाड घुमणारी पट्टी, मग एक ठेका, जो सुरू झाला की बाजू संपेपर्यंत थांबायचा नाही. पूर्ण बाजूभर एकच धून.

"हिच्यात शब्दच न्हाईत," चाचा म्हणायचे. "मंग रागवायचं कुनी आन कशावर?"

ती हैदराबादहून जुन्या रेकॉर्डींच्या गठ्ठ्यात आली होती, एवढंच चाचा सांगायचे. तिला कव्हर नव्हतं. सिमेंटच्या पोत्याचा कागद शिवून चाचीनं तिला पिशवी केली होती. मधलं लेबल पोपटी हिरवं, त्यावर काळी अक्षरं, आणि एका यूच्या डोक्यावर दोन टिंबं. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि निकाल दिला, "जर्मन आहे." त्या दिवसापासून तिचं नाव जर्मन. लोक म्हणायचे, "जर्मन लागली, चला, मंडप झाला." बायका भाकरी थापता थापता तो ठेका ऐकायच्या. माझ्या मावशीला तर वाटायचं, भोंग्याच्या आत जे काही असतं, त्याचाच हा आवाज आहे.

खरं तर ती तिकडं फार गाजलेली रेकॉर्ड होती. जगभर लोक तिच्यामागं वेडे झाले होते. हे मला कळायला अजून काही वर्षं होती. तिचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. गोरेगावात ते कुणी कधी उच्चारलं नाही.

दुकानातल्या दुपारी मला अजून दिसतात. मार्चमध्ये शाळा सकाळची व्हायची आणि बाराला सुटायची. दारात पोत्याचा पडदा, त्यावर पाणी मारलेलं. आत चाचा भोंग्याचा डायफ्राम उघडून बसलेले, तोंडात स्क्रू. मी मशीनजवळ. चाचा भोंगा न जोडता नुसतीच जर्मन लावायचे आणि सुईतूनच जो बारीक किडकिडा आवाज यायचा, तो आम्ही ऐकायचो. एका ठिकाणी ती रेकॉर्ड टकटकायची. तिथं खसखशीएवढा जळका खड्डा होता. तो आमच्याच घरानं केला होता. जयंतीच्या दिवशी बाबांनी फोटोपुढं केळ्यात उदबत्ती खोचली, ती कलली आणि शेजारी काढून ठेवलेल्या रेकॉर्डवर टेकली. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी, टिकली लागली तिला." त्यानंतर त्या जागी सुई आली की नऊ वेळा टक्क व्हायचं, ठेक्याच्या जरा मागं पडून. भोंग्यावर, माणसांच्या गोंगाटात, ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. पण आम्ही दोघं दुकानात बोटं मिटून मोजायचो. नऊ झाले की चाचा मान हलवायचे. "बराबर."

चाचा रेकॉर्डी डोळ्यांनी ओळखायचे नाहीत. हे त्यांचं आणखी एक. संध्याकाळी हमखास लाईट जायची आणि लग्नं तर संध्याकाळचीच. जनरेटर सुरू होईस्तोवर अंधारात रेकॉर्ड शोधायची कशी? चाचांनी मंडपाचे नळ रंगवायचा लाल ऑइलपेंट घेतला आणि काडेपेटीच्या काडीनं प्रत्येक लेबलवर थेंब दिले. वाळून ते टणक व्हायचे, अंगठ्याला लागायचे. एक थेंब म्हणजे लग्नाची, दोन म्हणजे भीमगीतांची, तीन म्हणजे कव्वाल्यांची. चार थेंब एकाच रेकॉर्डवर होते. ते देताना मी समोर बसले होते. चाचांनी काडी बुडवली, श्वास धरला आणि हिरव्या लेबलवर चार थेंब एका ओळीत ठेवले. मी विचारलं, "चाचा, अक्षरं झाकली की!" ते म्हणाले, "अक्षर कोन वाचून राहिलंय? अंगठ्याला कळलं म्हंजी झालं."

पण मी वाचून राहिले होते. सहावीत का सातवीत असताना मी त्या लेबलवरचं दिसेल ते सगळं वहीत उतरवून घेतलं. टिंबांचा यू धरून. लेबलच्या कडेला, जिथं खाचा संपून गुळगुळीत पट्टी येते, तिथं कुणीतरी सुईनं हातानं कोरल्यासारखे आकडे होते. तेही उतरवले. काहून, ते विचारू नका. मला तेव्हा काहीही उतरवून घ्यायची सवय होती. जीपांचे नंबरसुद्धा.

कॉलेजला हिंगोलीला गेले. तिथं बसस्टँडजवळ इंटरनेटचं दुकान निघालं होतं, प्लायवूडची खोपटी केलेलं. पहिल्यांदा तिथं बसले तेव्हा काय शोधावं ते सुचेना. मग वही आठवली. पुढच्या खेपेला ती घेऊन गेले आणि ती अक्षरं एकेक करून दाबली. बराच वेळ पांढरा पडदा. मग वरून खाली हळूहळू एक चित्र उतरू लागलं. कव्हर होतं ते. मी आयुष्यात पहिल्यांदा जर्मनचं कव्हर पाहिलं. मला भरून आलं, तेही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

नंतर पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगारात जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर घेतला. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "लोक सोनं घेतात माय." मी इंग्लंडमध्ये छापलेली एक प्रत मागवली. ती आली, लावली आणि त्या जागी आल्यावर मी नकळत बोट मिटायला घेतलं. टक्क झालंच नाही. धून सरळ पुढं गेली. मी तशीच बसून राहिले. काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटलं, पण ही रेकॉर्ड निर्दोष होती, त्याला कोण काय करणार?

तिथून ते सुरू झालं. मग फ्रान्सची प्रत. मग जर्मनीची, पण दुसऱ्या छपाईची, निळ्या लेबलची. इंटरनेटवर अशा लोकांचा एक अड्डा होता. रात्रंदिवस त्यांचा एकच विषय. कुठल्या छपाईचं लेबल कुठल्या रंगाचं, कव्हरचा पुठ्ठा किती जाड, गुळगुळीत पट्टीवर कुठले आकडे. त्यांच्याकडून मी शिकले की पहिली छपाई तीच खरी. बाकीच्या म्हणजे नुसत्या प्रती. पहिल्या छपाईचं लेबल पोपटी हिरवं असतं आणि आकडे हातानं कोरलेले असतात. ज्या संध्याकाळी हे वाचलं, त्या संध्याकाळी मी ट्रंकेतून वही काढली. आकडा आकड्याला जुळला. शेवटच्या रेघेसह.

अड्ड्यावरची ती माणसं जिच्यासाठी जीव टाकत होती, ती सिमेंटच्या कागदात गुंडाळून गोरेगावात पडली होती. मला हसू यायला हवं होतं. मला लोभ सुटला. दुसरा शब्द नाही त्याला.

चाचांना तोवर काचबिंदूनं गाठलं होतं. एक डोळा गेला होता, दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा. लोक आता हिंगोलीहून डीजे आणायचे. भोंगे पोत्यांत बांधून ठेवले होते. सोयाबीन काढायच्या दिवसांत मी गावी गेले. दुकानापुढल्या रस्त्यावर पोती लागली होती आणि हवेत भुसा उडत होता. मी चाचांपुढं बसले आणि म्हणाले, "चाचा, जर्मन मला देता?"

त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली. "काय करती तिचं?"

"ऐकते. जपून ठेवते. फार दुर्मिळ आहे ती. तिकडं तिला फार मानतात."

"हिकडं बी मानतात," चाचा म्हणाले. चाची आतून म्हणाली, "द्या की लेकराला. तुमी कुठं लावून राहिले आता?" चाचा उठले. कपाटातल्या रेकॉर्डींवरून त्यांचा अंगठा फिरत गेला. एक थेंब, दोन थेंब, एक, तीन. मग थांबला. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली.

"ने. पर एक ऐक. नसीमच्या लग्नात आनून दे. माझ्या पोरीच्या मंडपात पयली हीच लागल. डीजे बिजे मंग."

नसीम त्यांची धाकटी. मी म्हणाले, "शब्द देते, चाचा."

"शबद कशाला? तूच देशील की आनून," ते म्हणाले.

पुण्याला आणली. धुतली, पुसली. उजेडात धरली की काळ्या पाण्यासारखी लखलखायची. सगळं नीट होतं, फक्त लेबलवर ते चार लाल थेंब. अड्ड्यावर अशा खुणांना फार वाईट मानत. कुणी लेबलवर नाव लिहिलं, चिठ्ठी डकवली, रंग लावला की रेकॉर्डचा दर्जा उतरायचा. मी विचारलं, ऑइलपेंट कसा काढायचा? चौघांनी चार उपाय सांगितले.

मला थेंबांचा अर्थ ठाऊक नव्हता, असं मला म्हणता येत नाही. ते देताना मी समोर होते. चाचांना आता दिसत नाही, हेही मला ठाऊक होतं. मी स्वतःची समजूत घातली की ते आता कुठं लावतात, लग्नात एकदा लावायची आहे, ती मी स्वतः हातात देईन, मग अंगठ्याला शोधायचं कारण काय? माणूस स्वतःला किती व्यवस्थित समजावतो! तीन रविवार मी कान साफ करायच्या कापसाच्या काड्या थिनरमध्ये बुडवून एकेक थेंब ओला करत बसले. लेबलचा हिरवा रंग जाऊ नये म्हणून श्वास धरून. चौथा थेंब निघाला आणि खालचं अक्षर जसंच्या तसं दिसलं. फोटो काढून अड्ड्यावर टाकला. लोकांनी वाहवा केली. कुणीतरी लिहिलं, एवढी स्वच्छ पहिली छपाई आपण पाहिली नाही. त्या दिवशी मी फार खूश होते. लपवून काय करू?

नसीमचं लग्न मे महिन्यात निघालं. आमच्याकडची रेल्वे अजून छोट्या रुळांचीच होती, म्हणून मी बसनं आले आणि सेनगावहून जीपनं. जर्मन कपड्यांच्या घडीत मधोमध ठेवली होती. गावात पोचले तेव्हा ऊन उतरत होतं, वरात यायची होती. चौकात डीजेवाले टेम्पोतून काळी खोकी उतरवत होते. आणि लिंबाला, एवढ्या वर्षांनी, चाचांचा एक भोंगा बांधलेला होता.

चाचा मंडपाच्या कोपऱ्यात टेबलाशी बसले होते. पांढरा शुभ्र सदरा, डोळ्यांना काळा चष्मा, समोर ते जुनं मशीन. शेजारी पाहुणे, बाबा, दोन-चार म्हातारी माणसं. "आली का माझी बेटा?" त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी रेकॉर्ड त्यांच्या हातांत ठेवली. त्यांनी कडेनं धरली आणि अंगठा लेबलवर फिरवला.

काही लागलं नाही. त्यांनी रेकॉर्ड उलटली, दुसऱ्या बाजूनंही पाहिलं. पुन्हा उलटली. अंगठा गोल फिरत राहिला. हा क्षण असा येईल हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नव्हतं. मी त्यांच्या हातात देणार म्हणजे ते विश्वास ठेवतील, एवढंच धरून चालले होते.

"बेटा," चाचा अगदी हळू म्हणाले, "ही ती न्हाई."

मी काही बोलायच्या आत त्यांनीच मला वाट काढून दिली. "हरवली काय?"

खरं सांगायला एक वाक्य लागत होतं. भोवती माणसं होती, बाबा होते. थेंब मी पुसले, का पुसले, ते त्या मंडपात कुठल्या तोंडानं सांगणार होते? मी म्हणाले, "व्हय चाचा. घर बदलताना. तशीच दुसरी आणली. परदेशातून."

त्यांचा चेहरा पडला, पण पळभरच. मग माझा हात शोधून त्यांनी थोपटला. "जाऊ दे. हुतं असं. एवढ्या लांबून मागवलीस, लई तकलीफ घेतलीस." शेजारच्यांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "पोरीनं खास मागवली आपल्यासाठी." आणि हातानंच चाचपत त्यांनी रेकॉर्ड मशीनवर ठेवली, सुई टेकवली.

भोंगा खरखरला. थेंब थेंब आवाज चौकभर गेला. मग खालची घुमणारी पट्टी, मग ठेका. डीजेची पोरं थांबून वर पाहू लागली. म्हातारी माणसं हसली. बाबा म्हणाले, "वा! कित्येक वर्षांनी." लोक बोलत होते, लेकरं पळत होती. आत बायका नवरीला आवरत होत्या. मी चाचांच्या शेजारी उभी होते. माझं सगळं लक्ष त्या एका जागेकडं लागलं होतं, ती जवळ येत होती आणि मी काहीच करू शकत नव्हते.

टक्क.

चाचांचा हात आवाजाच्या बटणावर होता. तो तिथंच थांबला. टक्क. टक्क. त्यांनी मान वर केली नाही. माझ्याकडं वळले नाहीत. मांडीवरच्या दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून मिटत, मग पुन्हा उघडत होती, हे मी पाहिलं. नऊ झाले. त्यांनी मान हलवली नाही, "बराबर" म्हणाले नाहीत. बाजू संपेपर्यंत ताठ बसून राहिले. मग सुई उचलली, रेकॉर्ड कडेनं धरून काढली आणि माझ्या हातात दिली.

"चांगली हाय," म्हणाले. "ही हरवू नको."

वरात आली. डीजे सुरू झाला आणि भोंग्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. जेवणाच्या पंगतीत चाचांनी मला स्वतःजवळ बसवून घेतलं, आग्रह केला.

त्यानंतर मी दोन-तीनदा मुद्दाम गोरेगावला गेले. प्रत्येक वेळी ठरवून, की आज सांगायचं. चाचा बोलू द्यायचे नाहीत. पुण्यात पाणी येतं का, नोकरीवर त्रास देतात का, खोलीचं भाडं किती हाय. विषय जरा जवळ आला की हाक मारायचे, "खातून, च्या टाक." ते मला वाचवत होते की शिक्षा करत होते, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायची सोय नाही. एकदा पुण्यात मी लाल ऑइलपेंटचा छोटा डबा आणला. काडी बुडवली. चार थेंब पुन्हा ठेवावेत म्हणून. मग वाटलं, माझ्या हातचे थेंब ते नकलीच. डब्याचं झाकण लावून टाकलं. एका हिवाळ्यात बाबांचा फोन आला की चाचा गेले. मी पोचले तेव्हा माती झालेली होती.

माझ्याकडं आता त्या रेकॉर्डच्या सात प्रती आहेत. अड्ड्यावरचं कुणी ना कुणी अजून त्या हिरव्या लेबलच्या प्रतीबद्दल विचारतं. मी उत्तर देत नाही. ती लावतही नाही.

खातून चाची चहा घेऊन बाहेर आली. बशीत ओतून माझ्यापुढं ठेवला आणि आपली बशी घेऊन उंबऱ्यावर टेकली. म्हातारी झाली आहे फार. भोंग्यांकडं पाहत म्हणाली, "एक इचारू का बेटा? लई दिवसाचं मनात हाय."

"विचारा की चाची."

"नसीमच्या लग्नात तू ती रेकाट आनली. हे सगळ्याइला सांगायचे, पोरीनं इदेशातून दुसरी मागवली माझ्यासाठी. जो भेटल त्याला. दुकानात येनाऱ्याला, जीपवाल्याला. आन मी आतून ऐकली व्हती ती. मला तर तीच वाटली. आयुष्य गेलं की माझं ऐकन्यात. एकदा मी म्हनले, अहो, तीच व्हती ती, पोरगी काय तरी लपवून राहिली. तर काय भडकले! एवढ्या वर्षांत मला कधी वर आवाज करून बोलले न्हाईत. त्या दिवशी म्हनले, तुला अक्कल न्हाई, तुझे कान गेले, माझ्या पोरीला खोटी म्हनतीस? चार दिस जेवले न्हाईत नीट. बोलले न्हाईत. मंग मी बी बोलले न्हाई." तिनं माझ्याकडं पाहिलं. "आता ते बी गेले. तू खरं सांग. कोनती व्हती?"

चहावर साय धरली होती. बारा-तेरा वर्षं मी जे सांगायला इथं येत होते, ते विचारणारं माणूस समोर बसलं होतं. सांगून टाकलं असतं तर मी मोकळी झाले असते. पण मग चाचा खोटे ठरले असते. तिच्याशी चार दिवस न बोलता, न जेवता जे त्यांनी सांभाळलं, ते मी एका वाक्यात उघडं पाडलं असतं, तेही त्यांच्या माघारी, त्यांच्याच अंगणात.

"दुसरीच होती, चाची," मी म्हणाले.

ती हातातल्या बशीकडं पाहत होती.

"म्हंजी माझीच चूक," ती म्हणाली. "मीच उगं त्यांचं मन दुखवलं." आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. मी उठून आतून तिला पाणी आणून दिलं.